आयरिश जे१५ इंजिनाचा इतिहास स्वतः कसा शोधायचा

आयर्लंडच्या वाफेच्या इंजिनांबद्दल वाचायला लागलं की बहुतेक जण थेट मेव्हकडे धावतात. मेव्ह म्हणजे ८०० क्लासचं (क्लास म्हणजे एकाच डिझाइनच्या इंजिनांचा गट) पहिलं इंजिन, १९३९चं, आयरिश दंतकथेतल्या राणीचं नाव, तीन सिलिंडर, रुबाबदार हिरवा रंग. इंजिन देखणं आहे यात वादच नाही, पण या क्लासची इंजिनं बनली किती तर फक्त तीन, त्यामुळे त्याचा इतिहास एका संध्याकाळी वाचून होतो आणि पुढे शोधायला फारसं काही उरत नाही. खरी मजा हवी असेल तर जे१५ घ्या. १८६६ ते १९०३ या काळात १११ इंजिनं बनली, आयर्लंडमध्ये एका क्लासची एवढी इंजिनं दुसरी कुठलीच नाहीत, आणि १९६३ला आयर्लंड प्रजासत्ताकातली वाफ संपेपर्यंत यातली काही कामावर होती. दगड, गुरं, बीट, पेट्रोल, माणसं, काय वाट्टेल ते ओढलं त्यांनी. फोटो भरपूर, माहिती भरपूर आणि गोंधळ तर त्याहून भरपूर, म्हणून काम कुठून सुरू करायचं आणि कुठे फसायला होतं ते इथे लिहितोय.

सगळ्यात आधी नावाचा गुंता सोडवून घ्या, नाहीतर पुढचं सगळंच चुकेल. इंजिनं ग्रेट सदर्न अँड वेस्टर्न रेल्वेची. तिचा कारखाना डब्लिनला इंचिकोरमध्ये आणि तिथली पद्धत अशी की क्लासमधल्या सगळ्यात लहान नंबरवरून क्लासला नाव द्यायचं, म्हणून हा १०१ क्लास. नंतर १९२५ला स्वतंत्र आयर्लंडमधल्या बहुतेक कंपन्या एकत्र करून ग्रेट सदर्न रेल्वेज झाली आणि तिने अक्षर-आकड्याची पद्धत आणली, त्यात जे म्हणजे ०-६-० चाकांची, म्हणजे पुढे-मागे छोटी चाकं नसलेली, मधली सहाच चाकं असलेली इंजिनं, तर हा झाला जे१५. म्हणजे १०१ क्लास आणि जे१५ एकच. इथवर सोपं आहे.

आता सर्चमध्ये नुसतं जे१५ टाकून बघा. अर्धे रिझल्ट इंग्लंडच्या इंजिनाचे येतील, कारण तिकडच्या लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेनेही ग्रेट ईस्टर्नच्या वाय१४ क्लासला जे१५च म्हटलं होतं. तेही ०-६-०, तेही मालगाडीचं, तेही एकोणिसाव्या शतकातलं, वर २८९ इंजिनं, म्हणजे फोटोंचा पूर. १८९१ला स्ट्रॅटफर्डच्या कारखान्यात दहा तासांच्या आत जुळवलेलं इंजिन हे त्यातलं, आयरिश नाही, आणि ही गोष्ट कुणी आयरिश जे१५च्या नावावर सांगितली तर त्या माणसाचं बाकीचंही तपासून घ्या. बरं, मग १०१ क्लास टाकून बघू म्हणाल तर तिथे आणखी दोन पाहुणे बसलेत: सीआयईची, म्हणजे ग्रेट सदर्न रेल्वेजनंतर आलेल्या आयरिश वाहतूक कंपनीची, १९५६ची बी१०१ क्लासची डिझेल आणि उत्तर आयर्लंडची १९७०ची १०१ क्लासची, ईगल, फाल्कन आणि मर्लिन नावाची तीन डिझेल. म्हणून सर्च करताना कंपनीचं नाव किंवा इंचिकोर हा शब्द जोडायचाच.

अजून एक भानगड आहे, जे१५ए आणि जे१५बी. ही १९२९ आणि १९३४च्या सुमाराची नवी इंजिनं, ७०० आणि ७१०च्या नंबरांची, जे१५च्याच कामासाठी बनवलेली पण बांधणी वेगळी. यातलं एकही जपलेलं नाही. यादीत ७००च्या घरातला नंबर दिसला की तो बाजूला काढा, तो आपला नाही.

पुढची पायरी म्हणजे कालरेषा. ही डोक्यात ठेवू नका, कागदावर काढून समोर चिकटवा, कारण प्रत्येक फोटो आणि प्रत्येक कागद त्यावर ठेवून बघायचाय. १८६४ला अलेक्झांडर मॅकडॉनेल इंचिकोरचा लोकोमोटिव्ह सुपरिंटेंडंट झाला आणि हे डिझाइन त्याचं. १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला तो इंग्लंडला गेला, मग जॉन अ‍ॅस्पिनॉल, मग १८८६पासून एच. ए. आयव्हॅट, १८९६पासून रॉबर्ट कोई, १९११पासून आर. ई. एल. मॉनसेल. यातले अ‍ॅस्पिनॉल, आयव्हॅट आणि मॉनसेल पुढे इंग्लंडच्या मोठ्या रेल्वेंचे बडे इंजिनिअर झाले, पण इंचिकोरला असताना अ‍ॅस्पिनॉल, आयव्हॅट आणि कोई यांनी मॅकडॉनेलचं हे इंजिन मोडीत काढलं नाही, थोडंफार बदलत तेच बनवत राहिले. माझ्या मते या क्लासबद्दलची सगळ्यात बोलकी गोष्ट हीच आहे. नवीन साहेब आला की आपल्या नावाचं नवीन इंजिन आणायचं हा तेव्हाचा रिवाज, आणि इथे ३७ वर्षं तेच डिझाइन चालू.

त्यापुढे १९२२-२३चं यादवी युद्ध. त्यात रेल्वेचं प्रचंड नुकसान झालं, ऑगस्ट १९२२मध्ये मॅलोचा ब्लॅकवॉटर नदीवरचा पूल उडवला आणि डब्लिन-कॉर्क मेन लाइन वर्षभराहून जास्त तुटलेली राहिली. मग १९२५ला ग्रेट सदर्न रेल्वेज, १९४५ला सीआयई, १९५०ला तिचं राष्ट्रीयीकरण, १९५०च्या दशकात डिझेल, १९६३ला शेवट. एवढ्या तारखा पुरतात.

आता मुख्य सल्ला. क्लासचा इतिहास लिहायला बसू नका, एक नंबर पकडा. १११ इंजिनांची सरासरी कहाणी असं काही नसतंच, कारण यातली दोन इंजिनं कुठल्याही एका दिवशी तंतोतंत सारखी होती की नाही याचीच शंका आहे. एकाचा बॉयलर जुना, दुसऱ्याचा नवा, तिसऱ्याची कॅब बदललेली, चौथ्यामागे भलत्याच इंजिनाचं टेंडर, म्हणजे कोळसा-पाण्याचा मागचा डबा. एक नंबर जन्मापासून भंगारापर्यंत नीट लावला की क्लास आपोआप समजायला लागतो, आणि तसे तीन-चार झाले की मग सगळ्यांना लागू पडेल असं काही बोलायला हरकत नाही.

सुरुवातीला १८४ आणि १८६ हे नंबर घ्या. सरळ कारण, या दोनच इंजिनांना जपलंय, दोन्ही रेल्वे प्रिझर्व्हेशन सोसायटी ऑफ आयर्लंडकडे आहेत. ही संस्था १९६४ची, तिचं ठाणं बेलफास्टजवळ व्हाइटहेडला. दोन्हींचे फोटो ढिगाने मिळतात आणि दोघं शेजारी ठेवले की अर्धा धडा तिथेच होतो. आधी जन्मतारीख बघा. १८६ बनलं १८७९ला आणि १८४ बनलं १८८०ला, म्हणजे नंबर मोठा पण इंजिन जुनं. तर नंबरावरून वय काढायचं नाही, हे इथेच लिहून ठेवा. कुठल्याही यादीत नंबराच्या क्रमाने वर्षं भरलेली दिसली तर कुणीतरी अंदाजाने भरलीत असं समजा.

दुसरं, १८४ इंचिकोरला घरी बनलं आणि १८६ शार्प स्टुअर्ट कंपनीने बनवून दिलं. पहिल्या काळातली काही इंजिनं बेयर पीकॉकनेही बनवली. म्हणजे तीन बिल्डर आणि तिघांचे कागद तीन ठिकाणी. बेयर पीकॉकचे कागद मँचेस्टरच्या सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियममध्ये आहेत. शार्प स्टुअर्टबाबत लोक हमखास ग्लासगोला शोधतात, पण कंपनी ग्लासगोला गेली १८८८ला, १८७९ला ती मँचेस्टरलाच होती. बिल्डरची पाटी फोटोत वाचता आली तर वर्ष आणि गाव दोन्ही बघा आणि जुळतंय का ते तपासा, नाही जुळलं तर पाटी दुसऱ्या कुणाची तरी आहे किंवा कॅप्शन चुकलंय.

आता फोटो वाचायचा कसा, इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण सगळं गाडं इथेच अडतं. आधी खात्री करा की हे जे१५च आहे. बाहेरून सिलिंडर दिसणार नाहीत, ते आतल्या बाजूला फ्रेमच्या मध्ये आहेत. तीन जोड्या चाकं सारख्या मापाची, साधारण ५ फूट पावणेदोन इंच म्हणजे दीड मीटरच्या थोडं वर, आणि त्यांना जोडणारा एक सरळ दांडा, बस. पण आयर्लंडमध्ये आतल्या सिलिंडरची ०-६-० इंजिनं इतर कंपन्यांकडेही होती. कॅबचं छप्पर मागच्या टोकाला वर वळलेलं दिसलं तर ते मिडलँड ग्रेट वेस्टर्नचं असण्याची शक्यता जास्त, तिथल्या मार्टिन अ‍ॅटॉकची ती खास खूण. मात्र विलीनीकरणानंतर कॅबा बदलल्या गेल्या, त्यामुळे १९२५नंतरच्या फोटोत नंबर वाचणंच बरं. मिडलँडच्या इंजिनांना तेव्हा ५००-६००च्या घरातले नंबर मिळाले आणि ग्रेट सदर्न अँड वेस्टर्नच्या इंजिनांनी आपले जुने नंबर ठेवले. आपल्यासाठी ही फार मोठी सोय आहे, १८६ हे जन्मापासून शेवटपर्यंत १८६च.

मग समोरून बघा, स्मोकबॉक्सकडे. चिमणीखालचा जो गोल भाग, त्याला कपाटासारखी दोन दारं असतील, मधून उभी फट आणि दोन्ही बाजूंना बिजागऱ्या, तर ती जुनी इंचिकोरची पद्धत. एकच गोल दार असेल तर इंजिनाला नंतर हात लागलाय. या दोन दारांची एक अडचण अशी की ती नीट हवाबंद राहायची नाहीत, आणि स्मोकबॉक्समध्ये बाहेरची हवा शिरली की विस्तवाचा ओढा कमी होतो आणि वाफ तयार करताना फायरमनच्या नाकी नऊ येतात, म्हणजे दार बदलणं हा काही दिसण्याचा मामला नव्हता.

बाजूने बघताना स्मोकबॉक्सची लांबी बघा. वाफ पुन्हा तापवणारा सुपरहीटर बसवला की त्याच्या नळ्यांच्या जोडणीला पुढे जागा लागते, म्हणून स्मोकबॉक्स लांब होतो आणि इंजिनाचं नाक पुढे आल्यासारखं दिसतं. त्यानंतर नजर मागे न्या, कॅबच्या अगदी पुढे, फायरबॉक्सवर, म्हणजे कोळसा जळतो त्या पेटीवर. वरची बाजू बॉयलरच्याच गोलाईत सलग जात असेल तर राउंड टॉप. आणि तिथे एकदम चौकोनी खांदे दिसत असतील, वरून सपाट, तर बेल्पेअर. १८६ बेल्पेअरवालं आहे आणि सुपरहीटरवालंही, १८४ साध्या वाफेचं. दोघांचे फोटो एकाखाली एक लावा आणि फक्त फायरबॉक्सच्या खांद्यांवर बोट ठेवून बघा, एकदा नजर बसली की धुरकट फोटोतही ओळखता येतं.

मात्र इथेच एक सापळा आहे. बॉयलर बघून इंजिनाचं वर्ष ठरवू नका. मोठ्या ओव्हरहॉलला इंजिन कारखान्यात आलं की सगळ्यात जास्त वेळ खातो बॉयलर, म्हणून कारखाने जास्तीचे बॉयलर दुरुस्त करून तयार ठेवायचे, आलेल्या इंजिनाचा काढायचा, तयार असलेला चढवायचा, आणि काढलेला दुरुस्त होऊन पुढच्या कुणाला तरी. त्यामुळे बॉयलर आज या नंबराखाली, दहा वर्षांनी त्या नंबराखाली. टेंडरचंही तसंच, मोठं टेंडर रिकामं असेल तर लावून टाकलं. इंजिनाची ओळख असते ती फ्रेमला, नंबर फ्रेमबरोबर जातो. म्हणून नोंद करताना "१८६ला बेल्पेअर बॉयलर आहे" असं मोघम लिहू नका, "अमुक साली काढलेल्या फोटोत आहे" असं लिहा.

फोटोची तारीख नसेल तर काय? कॅप्शन आधी झाका आणि फोटोतच शोधा. टेंडरवर पंख पसरलेल्या चाकासारखं चिन्ह दिसलं, ज्याला तिकडचे लोक गमतीने उडती गोगलगाय म्हणतात, तर फोटो १९४५नंतरचा, कारण हे चिन्ह डब्लिनच्या ट्राम-बस कंपनीचं होतं आणि ती कंपनी विलीन झाल्यावरच ते सीआयईकडे आलं. स्मोकबॉक्सच्या दारावर आणि टेंडरवर मोठा पांढरा गोल दिसला तर खूश व्हा, तारीख आणखी जवळ आली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनहून कोळसा येणं आटलं होतं, जो यायचा त्याचा निम्मा चुरा, लोकांनी पीट आणि लाकूडसुद्धा जाळून गाड्या चालवल्या, आणि १९४७च्या भयंकर हिवाळ्याच्या सुमारास सीआयईने बरीच इंजिनं तेलावर वळवली. ती लांबून कळावीत म्हणून हे पांढरे गोल. कोळसा परत आला तशी इंजिनंही परत कोळशावर गेली, त्यामुळे पांढरा गोल म्हणजे १९४०च्या दशकाचा उत्तरार्ध, मागेपुढे जायचं काम नाही.

रंगावर जास्त विसंबू नका. ग्रेट सदर्नच्या काळात जवळपास सगळं राखाडी, सीआयईच्या काळातही बरंच राखाडी आणि काही काळं, आणि ब्लॅक अँड व्हाइट फोटोत काजळी चढलेला राखाडी आणि काळा यात फरक सांगणारा मला तरी भेटलेला नाही. हल्ली तर जुने फोटो कॉम्प्युटरने रंगवलेले फिरतात, ते पुरावा म्हणून अजिबात धरू नका. त्यापेक्षा मागचा भाग बघा. शेजारच्या प्लॅटफॉर्मवर सीआयईची लांबलचक डिझेल रेलकार उभी असेल तर १९५२ किंवा नंतरचं, मोठं डिझेल इंजिन असेल तर बहुधा १९५५नंतरचं.

आणि हो, १८४चा एक फोटो फिरतो ज्यात त्याला कॅबच नाही, ड्रायव्हर उघड्यावर उभा, सगळं एकदम पुरातन. लोक तो एकोणिसाव्या शतकातला म्हणून टाकतात. तो १९७८चा आहे, एका चित्रपटाच्या शूटिंगसाठी कॅब काढून त्याला १८५०च्या दशकातल्या इंग्लिश इंजिनाचा वेष दिला होता.

फोटो आणि कागद मिळतील कुठे? दोन ठिकाणं आधी पालथी घाला. नॅशनल लायब्ररी ऑफ आयर्लंडच्या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये ओडे कलेक्शन म्हणून शोधा, जेम्स पी. ओडे यांनी १९३७ ते १९६६ या काळात काढलेले रेल्वेचे फोटो त्यात आहेत, म्हणजे आपल्या इंजिनांची नेमकी शेवटची वर्षं. त्याआधीच्या काळासाठी तिथलंच लॉरेन्स कलेक्शन, ते गावांचे आणि निसर्गाचे फोटो, पण स्टेशनं भरपूर आहेत आणि एखाद्या कोपऱ्यात इंजिन सापडतं, झूम करून बघायची तयारी हवी. दुसरं ठिकाण आयरिश रेल्वे रेकॉर्ड सोसायटी, १९४६ला सुरू झालेली, तिची लायब्ररी डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनच्या आवारात आहे. त्यांच्या जर्नलचे जुने अंक हा खजिना आहे, पण इंजिनाचा नंबर आणि साल ठरवून मग विचारा, नुसतं जे१५बद्दल काही आहे का असं विचारलं तर समोरचा माणूस तरी काय सांगणार.

शोधताना गावांची आणि स्टेशनांची जुनी नावं टाकायला विसरू नका, यात फार लोक अडकतात. ह्यूस्टन स्टेशन १९६६पर्यंत किंग्जब्रिज होतं, म्हणजे वाफेच्या सगळ्या काळात ते किंग्जब्रिजच. कॉर्कचं केंट स्टेशन तेव्हा ग्लॅनमायर रोड. कोव्ह हे १९२०पर्यंत क्वीन्सटाउन, डन लिअरी हे किंग्जटाउन, पोर्टलीश हे १९२९पर्यंत मेरीबरो. मेरीबरो टाकलं नाही तर इंचिकोरच्या मेन लाइनवरचे कितीतरी जुने फोटो तुम्हाला दिसणारच नाहीत. याचा उलटाही उपयोग होतो, फोटोतल्या पाटीवर क्वीन्सटाउन असेल तर तारखेची वरची मर्यादा फुकटात मिळाली.

नोंदवही ठेवताना प्रत्येक नोंदीला तीन रकाने करा: फोटोत मला काय दिसतंय, कॅप्शन काय म्हणतंय, आणि मला काय वाटतंय. हे तिन्ही एकत्र कालवले की सहा महिन्यांनी तुम्हालाच कळणार नाही की "१९३२, नवीन बॉयलर" हे तुम्ही वाचलं होतं, बघितलं होतं की ठोकून दिलं होतं. कंटाळवाणं वाटेल पण याला पर्याय नाही. आणि एकाच मूळ चुकीच्या वाक्याच्या दहा कॉप्या म्हणजे दहा पुरावे नव्हेत.

शेवटचा भाग भंगाराचा, त्यात दोन गोष्टी सांभाळा. एक, वापरातून काढल्याची तारीख आणि तोडल्याची तारीख वेगळ्या असतात, मधल्या काळात इंजिन कुठल्यातरी सायडिंगला गंजत उभं असतं आणि त्याचे फोटोही निघतात, तर दोन्हीसाठी वेगळे रकाने ठेवा. दोन, १९६०च्या दशकानंतरच्या कागदात तुमचा नंबर पुन्हा दिसला तर दचकू नका. सीआयईने जनरल मोटर्सकडून घेतलेल्या डिझेल इंजिनांना १२१, १४१ आणि १८१पासूनचे नंबर दिले, आणि १९६६च्या १८१ क्लासमध्ये १८४ही आहे आणि १८६ही. त्यामुळे "१८६ कंटेनर गाडी घेऊन गेलं" अशी १९७०च्या दशकातली नोंद सापडली तर ती डिझेलची आहे, ती आपल्या वहीत उतरवायची नाही.